रोजचे कागल, कधीमधी कोकण : नवी मोटारसायकल कशी निवडावी

नवी मोटारसायकल घ्यायचे ठरले की कोल्हापुरात सल्ला देणारे चार जण लगेच जमतात. त्यांचे ऐकण्यापूर्वी एक छोटी वही घ्यावी आणि महिनाभर आपण नेमके कुठे जातो, एकटे जातो की मागे कोणी असते, हे किलोमीटरसह त्यात लिहून ठेवावे. कळंब्याहून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या माणसाचे जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात असे धरले, तर ३०० दिवसांचे १२,००० किलोमीटर झाले. वर्षातून चार-पाच वेळा मालवण, गणपतीपुळे किंवा आंबोली केली, तरी त्याचे दीड हजाराच्या पुढे क्वचितच जातात. म्हणजे गाडी कोकणासाठी घेतो असे आपण कितीही म्हटले, तरी तिचे नऊ दशांश आयुष्य शहरातली गर्दी, महामार्गावरचे ट्रक आणि कारखान्याचे गेट यांतच जाणार असते.

हा हिशेब इंधनाच्या खर्चातही मांडून पाहावा. लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला १२,००० किलोमीटरसाठी २४० लिटर पेट्रोल लागते, तर ३५ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला सुमारे ३४३ लिटर. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले, तरी वर्षाला दहा हजारांचा फरक पडतो. जाहिरातीतले ॲव्हरेज ठरावीक चाचणीत काढलेले असते, त्यामुळे हिशेबासाठी ते धरू नये. तीच गाडी वर्षभर वापरणाऱ्या शेजाऱ्याला किंवा सहकाऱ्याला विचारावे. मात्र केवळ ॲव्हरेजवर निर्णय घेतला, तर तो घाटात महागात पडतो. त्याचे कारण वजनाच्या साध्या गणितात आहे.

चालवणारा, मागे बसणारी व्यक्ती आणि दोन दिवसांचे सामान यांचे मिळून १३५ किलो धरू. हीरोच्या स्प्लेंडर प्लसचे स्वतःचे वजन ११२ किलो आणि इंजिनाची ताकद सुमारे ८ अश्वशक्ती आहे. म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्याला जवळजवळ ३१ किलो येतात. होंडाच्या युनिकॉर्नचे वजन सुमारे १४० किलो आणि ताकद १३ अश्वशक्ती. तिथे हाच आकडा २१ किलोवर येतो. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० स्वतःच १९५ किलोची असली, तरी तिची ताकद २० अश्वशक्तीची असल्याने वाटा साडेसोळा किलोंवर उतरतो. सपाट रस्त्यावर, एकट्याने ताशी ५० किलोमीटरने जाताना हा फरक जाणवतही नाही. गगनबावड्याहून करूळ घाट उतरणे कोणत्याही गाडीला जमते, पण परतीच्या वाटेवर दोघांना घेऊन तोच घाट चढताना लहान इंजिन दुसऱ्या गिअरवरून वर सरकत नाही, आणि मागून एसटी आली की चालवणाऱ्याचे सगळे लक्ष आरशातच राहते.

म्हणून रोज ३०-४० किलोमीटर आणि वर्षाकाठी चार-पाच लांबचे प्रवास एवढी गरज असणाऱ्याने १५० ते १६० सीसीच्या वर्गापासून पाहायला सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजचे अंतर दहा किलोमीटरच्या आत असेल आणि लांबचा प्रवास बहुधा एकट्यानेच होणार असेल, तर १२५ सीसीची गाडी पुरते. उलट दर महिन्याला पुणे, गोवा किंवा बेळगाव होणार असेल आणि महामार्गावर तासन्‌तास ८०-९०चा वेग ठेवायचा असेल, तर ३५० सीसीचा खर्च सार्थकी लागतो. त्याही पुढे जाणाऱ्याने कराकडे लक्ष द्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी १८ टक्के, तर त्यावरील गाड्यांवर ४० टक्के आहे.

आता उंचीविषयी, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. माझी उंची ५ फूट ५ इंच. काही वर्षांपूर्वी मी आसनाची उंची ८२५ मिलिमीटर असलेली एक उंच गाडी घेतली होती. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर दोन्ही पायांचे चवडे टेकत होते, तेवढ्यावर मी समाधान मानले. आठवड्याभरातच गंगावेशीत, जिथे म्हशी समोर पिळून दूध देतात त्या दूध कट्ट्यापाशी थांबताना डावा पाय रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात गेला, टेकायला जमीनच सापडली नाही, आणि दुधाच्या किटलीसह गाडी हळूहळू कलत गेली. एका म्हैसवाल्याने पुढे होऊन हँडल धरले म्हणून मी पडलो नाही. किटली मात्र उपडी झाली आणि त्या गृहस्थांनी हसू दाबत ती पुन्हा भरून दिली. गाडीत दोष काहीच नव्हता, ती माझ्या पायांसाठी नव्हती एवढेच. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की आसनावर बसून निदान एका पायाची टाच पूर्ण टेकली पाहिजे, आणि ही परीक्षा फरशीवर न करता थोड्या उताराच्या रस्त्यावर, मागे कोणाला तरी बसवून केली पाहिजे.

चाचणीसाठी शोरूमवाले बहुधा चौकापर्यंत एक फेरी मारू देतात. तेवढ्यावर न थांबता दोघांनी मिळून वाघबीळावरून पन्हाळ्याच्या दिशेने थोडे चढून येण्याची परवानगी मागावी. नकार मिळालाच, तर निदान टाकाळ्याचा चढ तरी करून पाहावा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दम धरते का, उतरताना गिअर कमी केल्यावर इंजिन तिला रोखते का, खड्ड्यातून जाताना मागे बसणाऱ्याच्या कमरेला दणका बसतो का, हे तिथे पाच मिनिटांत कळते. मागे बसणाऱ्याचे मत खरेदीपूर्वीच घ्यावे. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणार असतील, तर पाय ठेवायला रुंद पट्टी, हाताला पक्के धरणे आणि मागच्या चाकाला साडीगार्ड आहे का, हे पाहावे. हाताचे धरणे आणि चाकावरचे आच्छादन नियमानेच बंधनकारक आहे, तरीही दिसण्याच्या हौसेपायी अनेक जण ते काढून टाकतात. मागच्या मडगार्डकडेही असेच पाहावे. आखूड मडगार्डची गाडी राधानगरीच्या वाटेवर जुलैत नेली, तर मागे बसणाऱ्याच्या पाठीवर लाल चिखलाचा पट्टा उमटतो.

शक्य असल्यास दुसरी चाचणी दिवस मावळल्यावर घ्यावी. आपल्याकडे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर उसाने लादलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या चालत असतात, आणि वाटेत पडलेले उसाचे कांडके चाकाखाली आले की गाडी सरकते. हेडलाइट समोर किती अंतरापर्यंत आणि कडेला किती पसरतो, हे दिवसा कळत नाही. ब्रेकविषयी एवढे ध्यानात ठेवावे, की १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. पण अनेक गाड्यांत ते केवळ पुढच्या चाकाला असते. ओल्या घाटात मागचे चाक अडकून घसरते तेव्हा दोन्ही चाकांचे एबीएस कामी येते, आणि त्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे मला कधीच वाया गेलेले वाटले नाहीत. चाकांच्या बाबतीत ट्यूबलेस टायर घ्यावेत. तारांच्या चाकांत बहुतेक वेळा ट्यूब असते, आणि आंबा घाटात ती पंक्चर झाली तर चाक खोलावे लागते. ट्यूबलेसमध्ये छिद्रात रबरी दोरी भरून दहा मिनिटांत पुढे निघता येते.

दुरुस्तीची चिंता कोल्हापूरकरांनी फार करू नये. उद्यमनगरात हाताने चांगले मिस्त्री पुष्कळ आहेत. मात्र अलीकडच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांतला बिघाड शोधायला कंपनीचे यंत्र लागते, त्यामुळे अधिकृत सेवा केंद्र शहरातच आहे ना आणि आरसा, क्लच लिव्हर, ब्रेक पॅड यांसारखे भाग लगेच मिळतात ना, एवढे विचारून घ्यावे.

किमतीचा कागद लेखी घ्यावा आणि त्यातली प्रत्येक ओळ वाचावी. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी आणि विमा यांपलीकडे ‘हँडलिंग’ अशी काही रक्कम असेल, तर ती कशाची हे विचारावे. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा ५ वर्षांचा विमा सक्तीचा आहे, पण त्यातून आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही मिळत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी ज्यांच्या दारात आले, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. स्वतःच्या नुकसानीचा विमा घ्यावा, त्यात इंजिनाच्या संरक्षणाची जोड मिळाल्यास तीही घ्यावी, आणि पाण्यात बुडालेली गाडी मिस्त्रीने पाहिल्याशिवाय सुरू करू नये.

दसरा किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी आणायची असेल, तर तपासणी आदल्या दिवशीच उरकावी, कारण मुहूर्ताच्या सकाळी शोरूममध्ये हार घातलेल्या गाड्यांची रांग असते आणि कोणाला बोलायलाही वेळ नसतो. चेसिस क्रमांक कागदांशी जुळवावा, किलोमीटरचा आकडा पाहावा, आणि टायरच्या कडेवरचे चार अंक वाचावेत. त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. गाडी घरी आल्यावर पुस्तिकेत सांगितलेल्या वेगमर्यादेतच पहिले काही शे किलोमीटर चालवावेत. पहिल्या सर्व्हिसमध्ये ऑइल बदलून, चेन ताणून आणि नटबोल्ट आवळून झाले, की मगच सामान बांधून घाटाकडे निघावे.