जुन्या घराला नवी खोली जोडताय? आधी जोड बघा आणि या चुका टाळा

जुन्या घराला वाढीव खोली काढायची म्हटलं की पहिला वाद होतो दिसण्यावरून, नवा भाग हुबेहूब जुन्यासारखा करायचा की सरळ मॉडर्न. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते नवं बांधकाम जुन्याला जिथे टेकतं तिथे काय होणार, कारण पुढे तडे, ओल, गळती जे काही त्रास देतं ते बहुतेक त्याच दोन-चार फुटांत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नवी भिंत जुन्या भिंतीत दाते काढून, म्हणजे दोन्हीकडच्या विटा एकमेकींत गुंतवून, घट्ट बांधून टाकणं. जुन्या घराचा पाया बरेचदा उथळ असतो, पण त्याचं जे काय खचायचं ते कधीच खचून झालेलं असतं, आणि नवा पाया मात्र पहिली काही वर्षं थोडा थोडा बसत राहतो, मग एक भिंत खाली जाते, दुसरी जागेवर, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत उभी चीर. मी एका घरात ही चीर बघितलीये, दरवर्षी सिमेंट भरायचे आणि दरवर्षी ती शेजारीच नव्याने उघडायची, शेवटी जुन्या विटांचे कोपरेच तुटून आले. तिथे सलग सांधा, म्हणजे दोन भिंतींमध्ये वरपासून खालपर्यंत मोकळी फट, सोडायला हवा होता, त्यात लवचिक सीलंट आणि वरून एका बाजूलाच ठोकलेली पट्टी. तुमच्याकडे अशी चीर आधीच असेल तर लगेच भरू नका. दोन्ही कडांवर पेन्सिलने खुणा करा, बाजूला तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा मोजत रहा. उघडझाप होत असेल तर तिथे सांधाच करावा लागेल. नुसती वाढतच चालली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आणि हो, जुन्या भिंतीला लागून तिच्या पायापेक्षा खोल चर सलग खणायचा नाही, म्हणजे नाहीच.

दुसरं सिमेंट. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 चं, त्याआधीची आणि नंतरचीही कितीतरी घरं चुन्यातली आहेत. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि दर्जांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांमधून, बाहेर सोडते. नव्या खोलीचं काम चाललंय तर जाता जाता जुन्या भिंतीलाही सिमेंटचा गिलावा मारून टाकू असं कुणीतरी म्हणतंच, आणि मग ओल आत कोंडते, लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटतो, वीट मऊ पडून तिचे पापुद्रे निघायला लागतात. असं झालं असेल तर रंगाचे हात वाढवून काही होणार नाही, गिलावा हलक्या हाताने काढा, भिंत सुकू द्या, मग चुन्यातच काम करा. नव्या खोलीची फरशी किंवा बाहेरचं कोबाकाम जुन्या जोत्याच्या वर चढवलं तरी ओल अशीच चढते.

छपराचं थोडक्यात: नव्या छपराचा उतार जुन्या भिंतीकडे देऊ नका. जिथे छपराच्या दोन पाखी, म्हणजे उतरत्या बाजू, मिळतात तिथली पन्हळ हाताने साफ करता येईल एवढी रुंद ठेवा.

आता दिसणं. 1964 च्या व्हेनिस चार्टरमध्ये, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांमध्ये, म्हटलंय की भर घालावीच लागली तर ती आजची आहे हे कळलं पाहिजे, आणि मला ते मनापासून पटतं, कारण खोटी नक्षी लावून जुनं असल्याचा आव आणला की खऱ्या सुतारकामाचीही किंमत जाते. पण वेगळं म्हणजे बेसूर नव्हे हो. नव्या छपराचं आढं, म्हणजे त्याची वरची कड, जुन्यापेक्षा खाली, नवी भिंत दर्शनी भिंतीपासून थोडी मागे, आणि खिडक्यांचं प्रमाण जुन्याशी जुळणारं, म्हणजे जुन्या खिडक्या उभट असतील तर शेजारी आडवी लांबलचक स्लायडिंग नको. एवढं सांभाळलं तर साधी खोलीसुद्धा शोभते.

आत जायला नवं भगदाड पाडण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा. बरेचदा एखादी मागची खिडकी सापडते, तिच्या खालची भिंत तेवढी काढली की दार होतं, वरची तुळई जागच्या जागी राहते, आणि उद्या कुणाला ती खोली काढून टाकावीशी वाटली तर तिथे पुन्हा खिडकी बसवता येते. काढलेल्या विटा आणि चौकट मात्र जपून ठेवा.