पांढरा धूर दिसला की लगेच हेड उतरवू नका

गॅरेजला नवीन लागलेल्या पोरांना सगळ्यात जास्त फसवतो तो पांढरा धूर. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, हे आयटीआयमधून बाहेर पडताना सगळ्यांचं पाठ असतं, त्यात वेळ घालवत नाही. पांढऱ्याचं उत्तर मात्र सगळ्यांच्या तोंडात एकच बसलेलं असतं, हेड गॅस्केट गेली (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या खालची सील; ती फुटली की कुलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी, सिलेंडरमध्ये जाऊन धूर होतो), आणि तिथेच घात होतो.

आधी बघायचं की तो धूर आहे का नुसती वाफ. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन सायलेन्सरमधूनच बाहेर जातं. सायलेन्सर थंड असला की ती दिसते, आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडे सकाळी गाडी चालू केली तर धडधाकट गाडीमागेही पांढरा लोट दिसतो. इंजिन नीट तापू द्या. वाफ दोन-चार फुटांवर विरून जाते, कुलंटचा धूर मागे लोंबकळत राहतो आणि त्याला गोडसर वास येतो. काही मिस्त्री गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कुलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून फेकतात, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. अशी गाडी कधी धड तापतच नाही, वाफ येतच राहते, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलई साठते आणि ती बघून पुढचा माणूस म्हणतो ऑइलमध्ये पाणी गेलं, हेड काढा. डिपस्टिकवर (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) ऑइल स्वच्छ असेल आणि मलई फक्त झाकणाला असेल तर थांबा, एवढ्यावर काही ठरवू नका.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीय ती. मी हेल्पर असताना एक जुनी पेट्रोल मारुती झेन आली होती, तापल्यावरही मागे दाट पांढरा धूर. मोठ्या मिस्त्रीने लांबूनच बघून गॅस्केट सांगितली, हेड उतरलं, नवीन गॅस्केट बसली, गाडी चालू केली आणि धूर तसाच्या तसा. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याचा उतरलेला चेहरा मला आजही आठवतो. त्या गाडीचं रेडिएटरचं पाणी कधी कमी होतच नव्हतं, कमी होत होतं ब्रेक ऑइल. मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरमध्ये (पेडलला जोर देणारा व्हॅक्यूमचा डबा) उतरतं, पेट्रोल गाडीत बूस्टरला ओढ मिळते ती इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणारी नळी), मग तेच ऑइल पाइपातून ओढलं जाऊन इंजिनात जळतं. ब्रेक ऑइलही ग्लायकॉलच्याच जातीचं, त्यामुळे धूर कुलंटसारखाच पांढरा, आणि चाकाशी लिकेज शोधायला गेलात तर काहीच सापडत नाही कारण बाहेर एक थेंब पडलेला नसतो. बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप काढून आत बोट फिरवा, ओला लागला तर उत्तर मिळालं. तसाच पाइप काढून मॅनिफोल्डचं तोंड बंद करा आणि इंजिन चालू ठेवा, धूर हळूहळू कमी होत जातो. पण त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर काढू नका, पेडल दगडासारखं होतं आणि ब्रेक धड लागत नाही. आणि असं सील गेलेली गाडी दुरुस्त केल्याशिवाय गिऱ्हाइकाला परत देऊच नका, इथे प्रश्न धुराचा नाही, जिवाचा आहे.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी मार्कर घ्या. गाडी थंड असताना कुलंटच्या बाटलीवर आणि ब्रेक ऑइलच्या डबीवर खूण करा, गिऱ्हाइकाला दोन-तीन दिवस चालवू दे, मग बघा काय खाली गेलंय. जे कमी होतंय तेच जळतंय. गिऱ्हाईक घाई करणार, उस्ताद ओरडणार, तरी करा.

कुलंटच कमी होतंय असं दिसलं तरी लगेच हेड नको. रेडिएटरला प्रेशर पंप लावून झाकणावर लिहिलेल्या प्रेशरएवढी हवा भरा, बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांना ते 0.9 बारच्या आसपास असतं, आणि तसंच ठेवून द्या. मग प्लग काढा आणि सेल्फ मारा, ज्या सिलेंडरमधून पाण्याचा फवारा आला तो दोषी. त्याचा प्लगही बाकीच्यांपेक्षा पांढरा-स्वच्छ, धुतल्यासारखा दिसतो. शेजारच्या दोन सिलेंडरचं कंप्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचं प्रेशर) एकदम पडलेलं असेल तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलीय. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका, कितीही घाई असली तरी.

हेड उतरवलंच तर फेसिंग, म्हणजे खालची बाजू सपाट आहे का ते, बघितल्याशिवाय परत बसवू नका. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, बऱ्याच छोट्या इंजिनांना 0.05 मिमीच्या पुढे वाकलेलं चालत नाही आणि ते डोळ्याला दिसत नाही, स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फिलर गेजच (फट मोजायच्या पातळ पात्या) लागतो. आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगरात हेड दिलं की ते सपाट करून मिळतं, तेवढा खर्च वाचवू नका. आणि गाडी मुळात कशामुळे तापली, फॅन, वॉटर पंप, चोंदलेला रेडिएटर, हे शोधलं नाही तर करूळ घाटात तीच गाडी परत उकळणार. रेडिएटरमध्ये सीलर पावडर टाकून धूर थांबवणाऱ्यांकडून काम शिकू नका, ती गाडीतल्या हीटरची बारीक नळी आधी बंद करते.

डिझेलचं थोडक्यात. जुनी इंडिका सकाळी पांढरा धूर मारते, डोळे चुरचुरतात, कच्च्या डिझेलचा वास येतो आणि तापल्यावर बंद होतं, तर आधी हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना सिलेंडर तापवणारे ग्लो प्लग) एकेक करून तपासा, मग डिझेल पंपाचं टायमिंग आणि कंप्रेशन. तिथे पाण्याचा संबंध नसतो.

एक धीराची गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. गॅस्केट बरोबर बसवली तरी पहिल्यांदा चालू केल्यावर पांढरा धूर येतोच, कारण आधी गेलेलं कुलंट सायलेन्सरमध्ये साठलेलं असतं. हात-पाय गाळू नका, बोल्ट परत खोलू नका. अर्धा-एक तास गाडी चांगली चालवून आणा, लेव्हल बघा. लेव्हल हलली नाही आणि धूर विरळ होत गेला तर गाडी देऊन टाका, आणि आठवड्याने परत लेव्हल दाखवायला बोलवा.