आबेल गांसचे उतरत्या काळातले ऐतिहासिक चित्रपट कसे पाहावेत

७ एप्रिल १९२७ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात ‘नेपोलियन’ हा मूकपट प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्याचा फ्रेंच दिग्दर्शक आबेल गांस याच्या नावाला जे वजन होते ते १९३१ साली त्याचा खर्चिक बोलपट आपटल्यावर राहिले नाही. पुढे हाती आलेल्या कामांत भरजरी ऐतिहासिक मेलोड्रामांचा भरणा मोठा होता. हे चित्रपट पाहताना ‘नेपोलियन’ची फूटपट्टी बाजूला ठेवावी आणि प्रत्येकात जुना गांस नेमका कुठे जागा होतो, एवढेच शोधावे.

सुरुवात बेथोव्हनवरच्या १९३६च्या चित्रपटापासून करावी. प्रेमकथेचा भाग ठोकळेबाज आहे, तो सोसावा. मात्र संगीतकाराचे कान जातात तो प्रसंग शक्यतो हेडफोन लावून पाहावा. धोबिणी, लोहाराचा घण आणि घंटा पडद्यावर दिसतात, पण त्यांचा आवाज नाहीसा होतो. अशा वेळी यंत्र बिघडल्याच्या समजुतीने आवाज वाढवू नये. बोलपटाने ज्याची पंचाईत केली असे म्हणतात, त्याच दिग्दर्शकाने इथे ध्वनी काढून घेऊन सारा अर्थ साधला आहे, आणि आरी बोरचा जड, थकलेला चेहरा त्याला पुरेसा पडतो.

‘ल्युक्रेस बोर्जिया’ (१९३५) सावकाश पाहिला तरी चालेल. १९२७च्या ‘नेपोलियन’मध्ये क्रांतिकारक मारा याची भूमिका करणारा आंतोनँ आर्तो इथे साव्होनारोला या धर्मोपदेशकाच्या लहानशा भूमिकेत आहे, त्याच्यावर लक्ष ठेवावे. ‘ला तूर द नेल’ (१९५५) हा फ्रेंच लेखक द्युमाच्या नाटकावरचा, गांसचा पहिला रंगीत चित्रपट. १९४३नंतर बारा वर्षांनी त्याला मिळालेला हा पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात संयम शोधू नये, कारण मूळ नाटकातही तो नाही.

‘ऑस्टरलित्झ’साठी (१९६०) मात्र सुटीचा दिवस राखून ठेवावा आणि कापलेली आवृत्ती टाळावी. पूर्वार्धात दरबार, दिवाणखाने आणि ओळखीचे चेहरे यांचीच वर्दळ आहे. व्हित्तोरिओ दे सिका पोप होतो, तर ऑर्सन वेल्स वाफेच्या बोटीचा संशोधक रॉबर्ट फुल्टन. कंटाळा आला तरी उठू नये, कारण नेपोलियनची २ डिसेंबर १८०५ची ऑस्टरलित्झची लढाई उत्तरार्धात येते. ती पाहताना चौकटीच्या रुंदीकडे लक्ष द्यावे. ‘नेपोलियन’च्या अखेरीस गांसने तीन कॅमेरे आणि तीन प्रोजेक्टर वापरून जी रुंदी मिळवली होती, ती १९६०मध्ये त्याला तयार मिळाली, पण तीन पडद्यांवर तीन वेगवेगळी दृश्ये शेजारी ठेवून त्यांची टक्कर लावण्याची सोय तिच्यात नव्हती. माझ्या मते या चित्रपटाची उणीव दिग्दर्शकाच्या वयापेक्षा इथे अधिक आहे.

ही तुलना पडताळायची असेल, तर लढाई संपताच १९२७च्या चित्रपटातील इटलीच्या मोहिमेचा शेवटचा भाग लावावा. तो शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावा; मोबाईलवर तिन्ही चित्रे मिळून एक बारीक पट्टी उरते.