कोकणात समुद्राकाठचे डोंगर चालायला निघालेल्या खान्देशवाल्यांनो, या चुका टाळा

थंडी पडली की जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर कोकणात पायी फिरायचे प्लॅन सुरू होतात, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी असं काहीतरी, आणि कोणी म्हणालं की थोडी तयारी करा तर उत्तर ठरलेलं, "आपण मे महिन्यात ४५ डिग्रीत फिरतो भो, आपल्याला काय होतंय." पहिली गडबड इथंच. आपलं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. तिथं हवाच ओलसर, घाम नुसता गळत राहतो, शर्ट पिळून घ्या इतका, पण अंग गार होतच नाही. ३२ डिग्रीत गडी ढेपाळतो आणि का ढेपाळला ते त्यालाही कळत नाही.

तर तहान लागायची वाट बघू नका आणि नुसतं पाणीही ढोसू नका, घामातून मीठ पण जातंय. ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच टाका, अर्ध्या बाटलीत कडक करून प्यायची गरज नाही. मीठ घातलेलं कोकम सरबत मिळालं तर सोडू नका. पोटरीत गोळा आला तर सावलीत बसा, मीठ-साखरेचं पाणी घ्या, पोटरी हळूहळू ताणा. डोकं ठणकतंय, मळमळतंय, तर त्या दिवशीचं चालणं तिथंच संपलं. आणि कोणी काहीच्या बाही बोलायला लागलं, झोकांड्या जायला लागल्या, अंग तापलं, तर तो उष्माघातच समजा, सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

दुसरी चूक किलोमीटर मोजायची. चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणारे आपले लोक मॅपवर १६ किलोमीटर बघतात आणि म्हणतात दुपारपर्यंत उरकू. अहो पण तो सडक रस्ता, जागोजागी चहा-फराळ देणारी मंडळी. इथं सड्यावर चढा, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, सावलीला झाड नाही, मग वाडीत उतरा, पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळू तुडवा, परत चढा. एकेक चढ ८० मीटरचाच असतो पण असे दहा झाले की ८०० मीटर, म्हणजे जवळपास कळसूबाईचा पायथ्यापासूनचा चढ. ट्रेकवाल्यांचा जुना हिशोब तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला वरचा एक तास, म्हणजे न थांबता साडेचार तास, आणि त्या दमट हवेत, पाठीवर बॅग घेऊन, सात-आठ धरा. मधे खाडी आली तर दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारखी फेरीबोट लागते, तिची शेवटची फेरी कधी ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

आता भरती-ओहोटी. आपल्याला तापीचा पूर कळतो, हे नाही कळत, आणि खरा धोका इथंच आहे. साधारण सहा-सव्वासहा तासांनी भरतीची ओहोटी होते आणि वेळ रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढं सरकते. कोकणातला ठोकताळा सोपाय, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, ओहोटी सकाळी नऊला, खडकावरून जायचं ते ओहोटीच्या आगेमागे. तरी नक्की वेळ गावातल्या मच्छीमाराला विचाराच. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त वर येतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट फक्त ओहोटीत करायची, तिथं लाटेनं माणसं ओढून नेलीत. हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे समुद्राकाठच्या खडकातल्या अरुंद भेगेत, भरतीला पाणी कारंज्यासारखं उसळतं, ते लांबून बघा, सेल्फीसाठी काठावर जाऊ नका. आणि काळा ओला खडक दिसला की शेवाळ आहेच असं धरून चाला.

पायाचं बोलू. नवे बूट घालून निघणारा एक तरी असतोच. वाळू ओल्या मोज्यात गेली की पॉलिश पेपर लावल्यासारखी टाच घासते. टाच गरम लागली, नुसती गरम, की तिथंच बूट काढा, वाळू झटका, पाय कोरडा करा, मेडिकलची कागदी टेप लावा, मोजे बदला. "पुढच्या गावात बघू" म्हणलं की फोड आलाच. आलेला फोड फोडू नका. नखं दोन दिवस आधी कापा आणि उतारावर लेस घट्ट करा, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्या, पावलं छोटी टाका.

किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे, त्यामुळं सकाळी समुद्राकडच्या उतारावर डोंगराची सावली असते आणि दुपारनंतर ऊन वरूनही आणि पाण्यावरूनही. म्हणून उजाडताच निघा. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बेस्ट, ठेचा रात्रीसाठी ठेवा, केळी बॅगेच्या तळाशी टाकू नका, जळगाववाल्यांना तरी हे सांगायला नको.

प्रॅक्टिस आपल्याकडंच होते. सपाट रस्त्यावर मॉर्निंग वॉक करून काही होत नाही, धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला भरलेली बॅग घेऊन लागोपाठ दोनदा चढा-उतरा, नाहीतर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या डोंगरात जा.

आणि त्याच रात्रीची परतीची बस बुक करू नका, सुजलेले पाय लटकवून रात्रभर बसायचं म्हणजे सकाळी धुळ्याला उतरताना कंडक्टरलाच हात धरावा लागतो.