परसातला पोकळा : पेरणी, खुडणी आणि घोटलेली भाजी

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पालक आणि कोथिंबीर लवकर फुलोऱ्यावर येऊन निकामी होतात आणि मेथी उगवल्यानंतर फार दिवस तग धरत नाही. अशा दिवसांत अंगणाच्या कडेला किंवा गच्चीवर भरवशाने वाढणारी पालेभाजी म्हणजे पोकळा. माठ आणि राजगिरा यांच्या कुळातील ही भाजी ज्वारी, मका आणि ऊस यांच्याप्रमाणे सी-४ प्रकारची, म्हणजे उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करण्याची पद्धत असलेली, असल्यामुळे कडक ऊन आणि बेताचे पाणी यांतही तिची वाढ थांबत नाही. पोकळा उगवून आणण्यात फारसे कौशल्य लागत नाही. तो कोवळा असताना ताटात यावा, यासाठी मात्र पेरणीच्या दिवसापासूनच थोडी आखणी करावी लागते, आणि पुढील बहुतेक सूचना त्याच एका हेतूने दिल्या आहेत.

खानदेशात फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पोकळ्याची पेरणी केव्हाही करता येते. डिसेंबर-जानेवारीत मात्र ती करू नये, कारण धुळ्याकडची रात्रीची थंडी उगवण लांबवते आणि दिवस लहान झाले की रोप वीतभर होण्याआधीच तुऱ्यावर येते. ते महिने पालक, मेथी आणि चाकवत यांच्यासाठी ठेवावेत. बियाणे गावातील कृषी सेवा केंद्रात सुटे किंवा पाकिटात मिळते. सुधारित वाण हवे असल्यास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा कीर्ती’ हे उन्हाळ्यासाठी आणि ‘पुसा किरण’ हे पावसाळ्यासाठी योग्य मानले जाते, तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का सुगुणा’ हे पुन्हा पुन्हा खुडता येण्याजोगे हिरवे वाण आहे. तरीही शेजारच्या एखाद्या आजीबाईंकडे जपलेले गावठी बी मिळाले तर आधी तेच पेरावे, असे मी म्हणेन; त्याचे देठ जाड आणि रसरशीत असतात, आणि खानदेशी पद्धतीच्या भाजीत देठाचा वाटा पानांइतकाच असतो.

येथील काळी माती सुपीक असली तरी कुंडीत किंवा खोक्यात ती एकटी वापरणे योग्य नाही. पाणी दिले की ती चिकटून बसते आणि वाळली की तडकते, त्यामुळे पोकळ्याची नाजूक मुळे तुटतात. एक भाग काळी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग जाडसर रेती असे मिश्रण करावे. घरात केळीच्या साली आणि भाजीपाल्याची देठे यांपासून तयार केलेले कंपोस्ट असेल, तर ते शेणखताऐवजी चालते. कच्चे शेण मात्र टाळावे, कारण त्यातून हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तणाचे बी दोन्ही येतात. मातीची खोली सहा ते आठ इंच पुरते. फळांचे प्लास्टिकचे क्रेट आतून बारदान लावून, जुने घमेले तळाला भोके पाडून, किंवा गच्चीवर विटांची चौकट करून त्यात जाड प्लास्टिक अंथरून, यांपैकी काहीही वापरता येते. जादा पाणी बाहेर पडण्याची वाट ठेवणे एवढीच अट आहे.

पोकळ्याचे बी काळे, चकचकीत आणि इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक दाणे भरतात. त्यामुळे दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद वाफ्यासाठी एक चिमूट बी पुरेसे होते. हे बी तसेच फेकल्यास एकाच जागी दाट उगवते. म्हणून ते मूठभर कोरड्या रेतीत मिसळून चार-चार बोटांच्या अंतरावर ओढलेल्या उथळ रेघांत सोडावे आणि वरून चाळलेल्या खताचा जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर द्यावा. बी खोल गेले तर ते वर येत नाही. पाणी झारीने किंवा हाताने शिंपडावे, कारण धारेने दिलेले पाणी सगळे बी एका कोपऱ्यात वाहून नेते. उगवण होईपर्यंत वाफ्यावर ओले गोणपाट झाकावे. उन्हाळ्यात तीन ते पाच दिवसांत कोंब दिसू लागतात, आणि ते दिसताच त्याच संध्याकाळी गोणपाट काढून घ्यावे, अन्यथा रोपे पिवळी व लांबट होतात. मुंग्या हे बी आवडीने वाहून नेतात. त्यासाठी वाफ्याच्या कडेने चुलीतील राखेची रेघ ओढावी आणि ओली झाल्यास ती पुन्हा ओढावी.

रोपे दोन-तीन इंचांची झाली की विरळणी करावी लागते आणि ती करताना अनेकांचा हात आखडतो. दाट ठेवलेला पोकळा उंच आणि किडकिडीत वाढतो, त्याला पाने कमी लागतात आणि तो लवकर तुऱ्यावर येतो, म्हणून दोन रोपांत तीन ते चार इंच अंतर राखणे आवश्यक आहे. उपटलेली रोपे मुळे छाटून वरणात टाकावीत. या पिकाचा सर्वांत कोवळा घास तोच असतो.

पाणी सकाळी लवकर आणि मुळाशी द्यावे. मे महिन्यात ते दिवसातून दोनदा लागते. मात्र ज्या गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे तांदूळ-डाळ धुतलेले पाणी साठवून वापरावे आणि मातीवर ज्वारीच्या कडब्याचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन बोटांचा थर पसरावा, म्हणजे ओल टिकते. पोकळ्याला ऊन हवे असते. तरीही गच्चीवर तापलेल्या सिमेंटची धग खालून लागत असल्यामुळे क्रेट विटांवर उचलून ठेवावे आणि दुपारपुरती पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळक्या झाडांची) किंवा हिरव्या शेडनेटची सावली करावी. पाण्याचा ताण पडलेला पोकळा जगतो, पण त्याचे देठ दोऱ्यासारखे चिवट होतात आणि नंतर कितीही पाणी दिले तरी ते देठ पुन्हा मऊ पडत नाहीत.

खुडणीचे वेळापत्रक या पिकात सर्वाधिक महत्त्वाचे आहे. पेरणीनंतर सुमारे २५ ते ३० दिवसांत रोप आठ-दहा इंचांचे होते, तेव्हा ते मुळासकट न उपटता जमिनीपासून चार इंचांवर, खाली दोन-तीन पानांची जागा शिल्लक राहील अशा बेताने कापावे. त्या पेरांतून नवे फुटवे निघतात आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा खुडा मिळतो. देठ कोवळा आहे की नाही, हे नखाने पाहता येते : नख सहज रुतले आणि देठ ‘कट्’ असा आवाज करून मोडला तर तो भाजीत घ्यावा, साल लोंबू लागली तर त्या जागेच्या वरचाच भाग घ्यावा. शेंड्यावर तुऱ्याची गुंतवळ दिसू लागली की ती लगेच खुडून टाकावी, कारण तुरा धरल्यानंतर झाड आपली ताकद बियांकडे वळवते. प्रत्येक खुडणीनंतर मूठभर कुजलेले खत मुळाशी टाकून पाणी द्यावे. युरियाचा मोह टाळावा. त्याने पाने झपाट्याने मोठी होतात, पण ती लुसलुशीत पाने मावा या रस शोषणाऱ्या किडीला अधिक बळी पडतात आणि त्यांत नायट्रेटही साठते. चार-पाच खुड्यांनंतर फुटवे बारीक होऊ लागतात, तेव्हा वाफा मोडावा. घरात सतत भाजी हवी असेल तर सर्व बी एकदम न पेरता तीन वाफे दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरावेत, म्हणजे एकाचा शेवटचा खुडा होईपर्यंत दुसरा भरात येतो.

कीड फार त्रास देत नाही. पाने जाळीने गुंडाळून आत राहणारी हिरवी अळी दिसली तर ते पान हाताने तोडून नष्ट करावे. प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेले द्रावण, संध्याकाळी फवारावे आणि त्यानंतर काही दिवस खुडणी थांबवावी. पावसाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला पांढरे फोड येतात, तो पांढरा तांबेरा असतो. अशी पाने काढून टाकावीत, दाटी कमी करावी आणि पानांवर पाणी मारणे बंद करावे. कपाशीच्या शेताच्या बांधावर किंवा सडकेच्या कडेला आपोआप उगवलेला माठ आणि काटेमाठ पुष्कळ जण तोडून आणतात. तेथे तणनाशकाची आणि कीटकनाशकाची फवारणी केव्हा झाली हे तोडणाऱ्याला ठाऊक नसते, त्यामुळे तो मोह आवरलेला बरा.

खुडलेली भाजी पसरट पातेल्यातील पाण्यात बुडवून ठेवावी आणि वरच्यावर उचलून घ्यावी. पाणी ओतले तर तळाशी बसलेली रेती पुन्हा पानांवर येते. घोटलेल्या भाजीसाठी, चार माणसांच्या अंदाजाने, पाने आणि कोवळे देठ मिळून दोन मोठ्या जुड्या होतील एवढा पोकळा, अर्धी वाटी तुरीची डाळ, दोन चमचे शेंगदाणे आणि चार-पाच हिरव्या मिरच्या घ्याव्यात. डाळ व शेंगदाणे तासभर भिजवून, त्यांत चिरलेले देठ घालून आधी शिजत ठेवावे. डाळ बोटाने दबू लागली की मिरच्या आणि चिरलेली पाने घालावीत, कारण पाने सुरुवातीपासून शिजवली तर त्यांचा रंग आणि स्वाद दोन्ही जातात. सर्व मऊ झाल्यावर पातेले खाली घेऊन लाकडी रवीने घोटावे. मिक्सर वापरू नये. त्याने भाजीचा गुळगुळीत लगदा होतो, तर रवीने घोटलेल्या भाजीत देठाचे मऊ तुकडे आणि अर्धवट फुटलेले शेंगदाणे दाताखाली येतात, आणि ती चव त्यांच्याविना अपुरी वाटते. नंतर एक चमचा बेसन किंवा ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून त्यात घालावे, मीठ घालून भाजीला दोन उकळ्या आणाव्यात आणि शेवटी तेलात जिरे, हळद व आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्यांची खमंग फोडणी द्यावी. सोबत ज्वारीची किंवा, ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली, कळण्याची भाकरी आणि फोडलेला कांदा असावा. पाने जास्त आणि देठ कमी असतील तर कांदा-लसणावर परतून दाण्याच्या कुटाची सुकी भाजी करावी. उरलेली पाने बारीक चिरून थालीपिठाच्या पिठातही मळता येतात.

पोषणाच्या दृष्टीने १०० ग्रॅम कच्च्या पानांत २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. त्याशिवाय लोह, क जीवनसत्त्व, के जीवनसत्त्व आणि शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतरित होणारे बीटा-कॅरोटीन मिळते. बीटा-कॅरोटीन शोषले जाण्यासाठी स्निग्धांश लागतो, म्हणून तेलाची फोडणी येथे केवळ चवीपुरती नाही. क जीवनसत्त्व शिजवताना बरेच कमी होते. ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळल्यास ती उणीव काही अंशी भरून निघते आणि पानांतील लोह अधिक शोषले जाते. जेवण संपताच चहा घेण्याची सवय मात्र लोहाच्या शोषणाला मारक ठरते, म्हणून तासभर थांबावे. या पानांत ऑक्झलेट बरेच असते, त्यामुळे ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. पाने भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकल्यास ऑक्झलेट कमी होते, पण घोटलेल्या भाजीत पाणी टाकले जात नाही, हे लक्षात घ्यावे. वॉरफेरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असलेल्यांनी, के जीवनसत्त्वाचा त्या औषधावर परिणाम होत असल्यामुळे, अशा भाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू किंवा घटवू नये.

पुढील वर्षाच्या बियांसाठी सर्वांत उशिरा तुऱ्यावर येणारी तीन-चार जोमदार झाडे न खुडता राखावीत. लवकर तुरा धरणाऱ्या झाडांचे बी घेतले तर पुढचे पीकही तसेच निघण्याची शक्यता असते. लाल माठ जवळ लावलेला असेल तर संकर होऊ शकतो, त्यामुळे दोघांना एकाच वेळी तुऱ्यावर येऊ देऊ नये. तुरा तपकिरी पडून हातावर चोळताच काळे दाणे सुटू लागले की तो कापावा, सावलीत कापडावर वाळवून चोळावा आणि सुपाने पाखडावा. दाणे चांगले वाळल्यावर थोड्या राखेत मिसळून काचेच्या बरणीत ठेवावेत आणि बरणीवर वाण व साल लिहून चिकटवावे, कारण पोकळा आणि माठ यांचे बी एकमेकांशेजारी ठेवले तर डोळ्यांना वेगळे ओळखता येत नाही.