गेटवेहून मांडव्याला शिडाच्या बोटीने जाताय? आधी भरती बघा, मग वारा

नोव्हेंबर लागला की मुंबई हार्बरमध्ये छोट्या शिडाच्या बोटी बाहेर पडायला लागतात, आणि नवीन शिकलेल्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, वाऱ्यासाठी कुठलं ॲप चांगलं? ॲपचं नंतर बघू. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, म्हणजे जिथे सकाळी आरामात तरंगत होतात तिथे दुपारी चिखल असू शकतो, त्यामुळे आधी भरती.

आपल्या कोळीवाड्यांतला हिशोब अजूनही कामाचा आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. पहाटे पण आणि संध्याकाळी पण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ आणि पाण्याची उंची टाइड टेबलमध्ये, म्हणजे भरती-ओहोटीच्या तक्त्यात, बघायचीच, पण टेबलची तारीख चुकून दुसरीच बघितली असेल तर तिथीवरून लगेच लक्षात येतं. आणि पाणी सहा तास सारखं उतरत नाही हे लक्षात ठेवा, पहिल्या तासात थोडंसं, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात. फरक चार मीटरचा असेल तर त्या दोन तासांत तासाला एक मीटर!

नकाशा वाचताना एक गोष्ट माझ्याकडून चुकली होती ती नीट सांगतो. चार्टवरची खोली ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजलेली असते, त्यात त्या वेळची टाइड, म्हणजे टेबलमधली पाण्याची उंची, मिळवायची. पण ज्या आकड्याखाली रेघ असते ती खोली नसते, तेवढा भाग ओहोटीला पाण्याच्या वर उघडा पडतो, म्हणून तो टाइडमधून वजा करायचा. रेवसच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी मी रेघ असलेला १ बघितला आणि एक मीटर खोली समजलो. द्वितीया होती, भरती दीडला, आम्ही नांगर उचलला साडेचारला. टाइड अडीच मीटर, म्हणजे माझ्या हिशोबाने साडेतीन मीटर पाणी, प्रत्यक्षात दीड, आणि आमच्या बोटीला दीडच लागतं. डेप्थ मीटर २.१, १.८, १.६ असा उतरत गेला आणि बोट गाळात बसली. हळूहळू कलंडली, पोरं घाबरली, परत तरंगायला रात्रीचे पावणेअकरा वाजले. खाली चिखल होता म्हणून निभावलं, खडक असता तर बोट फुटली असती.

आता वारा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, मग जरा पडतो, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो तो बहुतेक वायव्येकडून. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत आठेक नॉटिकल मैल, जाताना मजेत जाता, पण परत येताना गेटवे उत्तर-वायव्येला पडतं म्हणजे वारा जवळजवळ तोंडावर, नागमोडी यावं लागतं, त्यात ओहोटी बाहेर ओढत असेल तर दोन तासांचे चार कधी होतात कळत नाही. म्हणून मी परतीची वेळ आधी ठरवतो, चढत्या पाण्यावर बसेल अशी, आणि मग निघायची वेळ काढतो.

अंदाज दोन ठिकाणी बघा. हवामान खात्याचं किनारपट्टीचं बुलेटिन आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज. खात्याचा वारा ताशी किलोमीटरमध्ये असतो आणि ॲपवर बहुतेक नॉटमध्ये, म्हणजे ताशी नॉटिकल मैलांत, ४० किलोमीटर म्हणजे साडेएकवीस नॉट, गल्लत करू नका. लाटेची उंची दीड मीटर लिहिली असेल तर ती मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट दुप्पट येऊ शकते. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असा इशारा असेल तर तुम्ही पण जायचं नाही, मोठ्या ट्रॉलरवाले थांबतात तिथे आपली वीस फुटी बोट काय करणार.

चॅनलमध्ये, म्हणजे जहाजांच्या खोल वाटेत, मोठ्या जहाजाला वाट द्या, तुम्ही शिडावर असलात तरी, ते वळू शकत नाही. बंदरात आत येताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डावीकडे, हिरवा उजवीकडे. जाळ्यांचे बोये दिसले तर लांबून वळसा घाला.

व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर चालू ठेवा, कोस्ट गार्डचा १५५४ फोनमध्ये सेव्ह करा, फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. आणि घरी कोणालातरी सांगून निघा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर १५५४ ला कळव, ती वेळ कागदावर लिहून द्या.