पुस्तकं माळ्यावर, नावं चार: साहित्यिक मानधनाचा अर्ज भरताना या चुका टाळा

चाळीस वर्षं लिहिलेल्या माणसाचा अर्ज त्रुटीत निघाला की वाडीत एकच वाक्य ऐकू येतं: "वशिला लागतो ओ." वशिल्याच्या आधी कागद लागतात. फाईल उघडली की दहातल्या आठ वेळा कारण पहिल्या चार पानांतच सापडतं, आणि ते दर वर्षी तेच असतं.

आधी योजना नीट समजून घ्या, कारण जुनी माहिती घेऊन येणारे अजूनही कमी नाहीत. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देणारी ही राज्याची योजना १९५४-५५ पासूनची. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तिचं नाव 'राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना' झालं. पूर्वी अ, ब, क असे वर्ग होते. राष्ट्रीय पातळीवरच्याला ३,१५०, राज्य पातळीवरच्याला २,७०० आणि स्थानिकाला २,२५० रुपये मिळत. एप्रिल २०२४ पासून सरसकट ५,००० रुपये महिना. वय किमान ५०, दिव्यांगांना दहा वर्षांची सवलत. साहित्य किंवा कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत. जिल्ह्याला वर्षाला १०० जणांचा कोटा. तेव्हा "मी 'अ' वर्गात बसतो का?" हा प्रश्न आता विचारू नका. "माझी १५ वर्षं कागदावर दिसतात का?" हा विचारा.

आणि ती दिसत नाहीत. लेखक पुस्तकांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवतो. अर्ज तपासणाऱ्या समितीतला माणूस पुस्तक वाचायला बसत नाही, तो वर्ष शोधतो. कवितेचं कात्रण असं सुबक कापलेलं असतं की कवितेबरोबर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीखही कात्रीखाली गेलेली असते. मागे पेनाने 'सकाळी छापून आली, खूप आनंद' एवढंच. आनंद खरा असेल, पण तो पुरावा होत नाही. कात्रण नको, तारखेसकट पूर्ण पान हवं. दिवाळी अंकाच्या तीन झेरॉक्स लागतात: वर्ष दिसणारं मुखपृष्ठ, तुमचं नाव असलेली अनुक्रमणिका आणि लेखाचं पहिलं पान. पुस्तकाच्या दोन पुरतात, मुखपृष्ठ आणि आवृत्तीची तारीख व प्रकाशकाचं नाव असलेलं आतलं पान. आकाशवाणी रत्नागिरीवर कार्यक्रम झाला असेल तर 'लोकांनी ऐकलं' हे सांगण्यापेक्षा करारपत्र शोधा. त्यावर नाव, तारीख, मानधन सगळं असतं. त्या एका कागदाला दहा प्रशस्तिपत्रांचं वजन आहे.

सगळ्यावर एक तक्ता लावा. डावीकडे वर्ष, मग लेखनाचं नाव, कुठे छापलं, फाईलमधलं पान क्रमांक. एका वर्षाच्या चाळीस कविता लावून उपयोग नाही, पंधरा वेगवेगळ्या वर्षांचा एकेक कागद हवा. मधलं एखादं वर्ष कोरं असेल तर कोरंच ठेवा आणि शेवटी दोन वर्षं जास्तीची जोडा. 'लेखनाची आवड लहानपणापासून' हे वाक्य तक्त्यात लिहिणारे आहेत, म्हणून सांगावं लागतं: ते लिहू नका.

कोकणात यातली खरी अडचण हवेची. माळ्यावरच्या ट्रंकेत वाळवी, कपाटात कसर, आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात कित्येक घरांतली पुस्तकं चिखलातच गेली. पुरावा गेला म्हणून हात टेकू नका, तो बहुधा दुसरीकडे असतो. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. अशा ठिकाणी जुने अंक जपलेले असतात. अंकाचं वर्ष कळवून चौकशी करा, पानाची झेरॉक्स काढा आणि त्यावर ग्रंथपालाची सही-शिक्का घ्या. घरात जे उरलं आहे ते पावसाळ्याआधीच स्कॅन करा. पावसात प्लास्टिकच्या फाईलमध्ये कोंबलेला कागद आतल्या ओलीनेच बुरसटतो. आणि मूळ कात्रण लॅमिनेट करू नका. एकदा चिकटलेला कागद परत सुटत नाही.

दुसरा लाडका घोटाळा नावाचा. गुहागरकडच्या एका नमन-लेखकाची (नमन म्हणजे कोकणातलं लोकनाट्य) फाईल याचा उत्तम नमुना आहे. वगाच्या पुस्तिकांवर टोपणनाव, दिवाळी अंकात आद्याक्षरं आणि आडनाव, आधारवर पूर्ण नाव, शिधापत्रिकेवर घरात हाक मारतात ते नाव. माणूस एक, नावं चार. 'लेखन करणारी व्यक्ती आणि अर्जदार एकच असल्याचा पुरावा नाही' असा शेरा येऊन अर्ज परत. इथवर काहीच बिघडलं नव्हतं. पण कुणीतरी सल्ला दिला की आधारवरच टोपणनाव लावून घ्या, एका दिवसात काम. सल्ला देणारा बाजारपेठेतला, ऑनलाइन फॉर्म भरून देणारा. मग राजपत्रात नाव बदललं, आधार बदललं. आता पुस्तकं जुळली, पण बँक खातं, सातबारा आणि उत्पन्नाचा दाखला जुन्या नावाने राहिले. बँकेने केवायसी मागितलं, बायकोच्या आधारवर नवऱ्याचं जुनं नाव निघालं. एका त्रुटीच्या चार झाल्या आणि दोन वर्षं गेली.

यावर उपाय रटाळ आहे, म्हणूनच तो कुणी करत नाही. कागदपत्रांवर कायदेशीर नाव जसं आहे तसंच ठेवा. एक प्रतिज्ञापत्र करा: 'अमुक, तमुक आणि ढमुक या नावांनी लेखन करणारी व्यक्ती मीच आहे', आणि चारही नावं अक्षर न अक्षर तशीच लिहा, काना-मात्रेसह. जोडीला प्रकाशकाचं किंवा संपादकाचं लेटरहेडवरचं पत्र, ज्यात टोपणनाव आणि खरं नाव एकाच वाक्यात येईल. प्रकाशक हयात नसेल तर त्या काळचं मानधनाचं पत्र, पाकीट, मनीऑर्डरची पावती शोधा. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प लागत नाही. कुणी घ्यायला लावत असेल तर आधी तहसीलमध्ये विचारा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच हवा, आणि चालू वर्षाचा. ३१ मार्चला जुना दाखला संपतो. इथली खास गोची म्हणजे सामाईक सातबारा. चौदा सहहिस्सेदारांची आंब्याची कलमं, पण तलाठ्यापुढे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) उतारा ठेवताना कुणी आपला हिस्सा सांगत नाही, आणि सगळ्या बागेचं उत्पन्न एकाच्या नावावर लागतं. हिस्सा किती, मोहोर गळाला ते वर्ष कोणतं, बाग कराराने दिली आहे का, हे आधी लेखी द्या. उत्पन्न लपवून दाखला काढणाऱ्यांबद्दल मात्र सहानुभूती नाही. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, आणि तक्रार करणाराही गावातलाच असतो.

बारीकसारीक चुका आता भराभर. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे पैसे चालू असताना ते न सांगता अर्ज करू नका. दुसरी नियमित मासिक पेन्शन असलेला इथे बसत नाही. चाकरमान्यांनी शिधापत्रिका लालबागची आणि अर्ज कणकवलीचा असं करू नये, रहिवास ज्या जिल्ह्यात तिथलाच अर्ज. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे पासबुकावरून नव्हे, बँकेत विचारून बघा. पती-पत्नीचा एकत्र फोटो मागतात तेव्हा लग्नातला देऊ नका.

शिफारसपत्रांबद्दल मात्र थोडं. सरपंच, माजी सरपंच, भजनी मंडळ, मित्रमंडळ, सगळ्यांची पत्रं एकाच मजकुराची, फक्त सही वेगळी. अशी दहा पत्रं म्हणजे एकही नाही. एक पत्र पुरतं, पण ते साहित्य ओळखणाऱ्याचं हवं: दिवाळी अंकाचा संपादक, वाचनालयाचा अध्यक्ष, कोकण मराठी साहित्य परिषदेची तुमची स्थानिक शाखा. त्यात 'थोर साहित्यिक' नको. किती वर्षं ओळखतो, कोणतं लेखन, कोणत्या साली, एवढं पुरे. जाखडी या लोकनृत्याची गाणी किंवा दशावताराची आख्यानं लिहिणाऱ्याने अर्जात साहित्यिक की कलावंत हे एकच ठरवावं आणि पुरावा त्याच बाजूचा लावावा. अर्धा नाचाचे फोटो, अर्धी गाणी, असं करू नये.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचीही योजना आहे: वय ६०, वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत, महिना कमाल ६,०००. पण ती राज्याच्या मानधनाच्या पुढची पायरी आहे. राज्याचं मानधन सुरू नसताना थेट दिल्लीला पाकीट पाठवणारे टपालखर्चच करतात. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान पहिल्या पुस्तकासाठी असतं. सातवं पुस्तक घेऊन तिथे जाऊ नका.

मानधन मंजूर व्हायला महिने जातात. आजारपण तेवढं थांबत नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर मानधनाच्या अर्जाला आजारपणाची कागदपत्रं जोडण्यात वेळ घालवू नका. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेत असलेल्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र गाठा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज रुग्ण दाखल असतानाच करा. घरी आल्यावर बिलं घेऊन गेलात तर परतावा मिळत नाही.

मंजुरी मिळाल्यावरची चूक एकच, आणि ती गणपतीत गावी येऊन डिसेंबरपर्यंत मुंबईला मुलाकडे राहणाऱ्यांची. हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो, तो राहिला की पैसे थांबतात. लेखक गेला तर मानधन हयात पती किंवा पत्नीला मिळू शकतं. त्यासाठी पत्नीच्या आधारवर माहेरचंच नाव राहिलंय का, हे अर्ज भरतानाच तपासा. तिच्यावर तेव्हा ही धावपळ नको.